उचललेलं कोपर

मुलीनं भट्टीच्या तोंडातून वितळलेल्या काचेचा गोळा उचलला, लांब लोखंडी फुंकणी हातात फिरवत फिरवत ती बाकाशी आली, बसली, आणि तिचं डावं कोपर वर उचललं गेलं. झालं ते एवढंच. खुर्च्यांवर बसलेल्या माणसांना त्यात पाहण्यासारखं काही वाटायचं कारण नव्हतं, सगळ्यांचे डोळे त्या लालभडक गोळ्याला चिकटले होते. पण दुसऱ्या रांगेत बसलेल्या शिवणबाईंच्या काळजात चर्र झालं. त्या खुर्चीतून अर्धवट उठल्यासुद्धा. मागच्या माणसानं घसा खाकरला तशा पुन्हा खाली बसल्या आणि मांडीवरची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली. कोपर तसंच वर होतं. फुंकणी बाकाच्या दोन दांड्यांवर आडवी टेकलेली, डावा तळवा तिला पुढं लोटतोय, मागं घेतोय, आणि दर वेळी हात पुढं गेला की कोपर बाहेर फाकतं, वर जातं, आणि मान किंचित उजवीकडे कलते. हे कोपर बाई ओळखत होत्या. जेवताना शेजारच्याच्या बरगडीत शिरणारं, दात घासताना आरशाच्या कडेला आपटणारं, झोपेतसुद्धा उशीखाली न मावणारं हे कोपर त्यांच्या मुलाचं होतं. आणि मुलगा जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

शेजारी नणंदबाई होत्या, पण त्यांचं लक्ष कुठलं असायला. त्या रुमालानं वारा घेत होत्या आणि कुरकुरत होत्या, की स्वयंपाकघरात काय आपण गारठत होतो म्हणून आणखी एका चुलीपुढं येऊन बसलो. बाईंना आज इथं ओढून आणलं होतं ते मात्र त्यांनीच. मुलगा जिथं काच फुंकायचा आणि सगळे त्याला दादा म्हणायचे, त्या स्टुडिओतून फोन आला होता, की दादांनंतर पहिल्यांदाच लोकांसमोर काच फुंकायचा कार्यक्रम होतोय, दादांची विद्यार्थिनी तो करणार आहे, आईंनी यावं. बाईंनी फोनवर बरं म्हटलं आणि ठेवून दिला, आणि त्यांच्या बरं म्हणण्याचा अर्थ नाही असा असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगा असतानाही त्या असंच बरं म्हणत आल्या होत्या. तो सांगायचा, ये गं एकदा, बघ तरी मी दिवसभर काय करतो. त्या म्हणायच्या, बरं. मग कुणाच्या पँटी लांबी कमी करायला पडलेल्या असायच्या, कुणाचा कोट कमरेत आत घ्यायचा असायचा, दुकानाला कुलूप लावून आगीपुढं जाऊन बसायला कुणाला सवड होती? तो हसायचा. म्हणायचा, तुझ्या गिऱ्हाइकांच्या पँटी पळून जाणार नाहीत, आई. तो स्वतःच असा जाईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तापाचं निमित्त झालं, चार दिवस अंगावर काढला, आणि पाचव्या दिवशी डॉक्टर बाहेर आले ते मान खाली घालूनच. तेव्हापासून बाई दुकान रोज उघडत होत्या, लोकांच्या मापाला माप लावत होत्या, आणि लोक म्हणत होते की बाईंनी बरं सावरलं स्वतःला. लोकांचं काय जातं म्हणायला.

तो घरी आला की त्याच्या कपड्यांना एक वास यायचा, जळक्या कागदाचा. बाई तो वास धुऊन धुऊन कंटाळायच्या. आता त्यांच्यासमोर मुलीनं ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी उजव्या तळव्यावर घेतली, तापल्या काचेला खालून लावली, चर्र आवाज होऊन वाफ उठली, आणि तोच वास सबंध शेडभर पसरला. म्हणजे हा इथून यायचा तर. इतकी साधी गोष्ट, विचारली असती तर त्यानं एका वाक्यात सांगितली असती. बाईंनी नाक भरून तो वास आत घेतला आणि त्यांना एकदम वाटलं, आपण फार उशिरा आलोय, कार्यक्रम संपून माणसं घरी गेल्यावर आलोय. पण समोर कार्यक्रम तर चालू होता. मुलगी उठली, फुंकणीचं टोक ओठाला लावून तिनं हलकीच फुंकर घातली, भोकावर अंगठा दाबला, आणि गोळ्याच्या पोटात एक बुडबुडा सावकाश फुगत गेला. माणसांनी हं केलं. ती परत भट्टीशी गेली, काच तापवली, परत बाकावर आली, बसली, आणि परत ते कोपर. या मुलीला तो घरी खार म्हणायचा. आमची खार आज अशी पळत होती, आमच्या खारीनं आज बरणी फोडली. बाईंना वाटलं होतं दहाबारा वर्षांची कुणी पोर असेल. ही तर पंचविशीची, उंच, शांत चेहऱ्याची बाई होती, आणि तिच्या चेहऱ्यात, नाकात, केसांत त्याचं काही म्हणजे काही नव्हतं. फक्त डाव्या खांद्यापासून मनगटापर्यंत तो सगळाच्या सगळा होता.

त्याचं हाड मोडलं तेव्हा तो तिसरीत होता. शाळेच्या भिंतीवरून पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, पोरांची हाडं आहेत, पट्टा बांधून ठेवा, जुळतील. पोरगं पट्ट्यात कसलं राहतंय, अंगात वारं शिरल्यासारखं हुंदडायचं. हाड जुळलं खरं, पण एकावर एक चढून जुळलं, आणि डावा खांदा बोटभर आखूड राहिला तो राहिलाच. हात सरळ पुढं न्यायचा तर खांदा साथ देईना, मग त्यानं आपला आपण तोडगा काढला, आधी कोपर वर, मग हात पुढं. दुखत नव्हतं, अडत नव्हतं. पुढं कुणी विचारलंही नाही, कारण कुणाला दिसलंच नाही, आणि दिसलं नाही ते बाईंमुळे. शाळेचे शर्ट तयार आणायचे ते बाईंनी बंद केले आणि स्वतः शिवायला लागल्या. डाव्या खांद्याची शिवण जरा वर चढवायची, आतून पातळ अस्तराची घडी द्यायची, बाही थोडी पुढं वळवून लावायची, काखेत कापड सैल सोडायचं, म्हणजे कोपर उचललं तरी शर्ट ओढला जात नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पहिले दोनतीन शर्ट बिघडले, मग असा हात बसला की पोरगा शर्ट घालून उभा राहिला की दोन्ही खांदे एका रेषेत. त्यांच्या हातून आयुष्यात हजारो कपडे गेले असतील, पण कारागिरी म्हणावी अशी त्यांनी एकट्या त्याच्यासाठीच केली, आणि तिचं कौतुक असं की ती कुणाच्या नजरेला येत नव्हती. मोठा झाल्यावरही तो त्यांच्याच हातचे शर्ट घालायचा. शेवटचा एक अजून दुकानात फळीवर पडला होता, गुंड्या लावायच्या राहिलेला.

स्टुडिओचे मालक माईक घेऊन बाजूला उभे होते आणि काय चाललंय ते लोकांना समजावून सांगत होते. भला माणूस, बोलताना स्वतःच रंगून जाणारा. त्यांनी सांगितलं, फुंकणी एक क्षणही थांबवून चालत नाही, थांबली की काच एका बाजूला ओघळते. म्हणून हा डावा हात सगळ्यात महत्त्वाचा. आणि मग म्हणाले, आता हिच्या कोपराकडे नीट बघा. हा हात तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही स्टुडिओत बघायला मिळणार नाही. हा आमच्या दादांनी शोधून काढला. कोपर उचललं की मनगटावरचा भार कमी होतो आणि काच जास्त एकसारखी फिरते, असं आमचं मत आहे. लोकांच्या माना हलल्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तर बसल्याबसल्या आपलं कोपर उचलून हवेत फिरवून पाहिलं. बाईंना हसू फुटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही भलत्याच ठिकाणी. हा कसला शोध, अरे, ती भिंत होती शाळेची! पण हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. त्यांना आनंद झाला होता. दुसरा शब्द नाही त्याला. तो कुठंच उरलेला नाही, फोटोतसुद्धा नीटसा नाही, असं त्या धरून चालल्या होत्या, आणि तो इथं जिवंत हलत होता, घाम गाळत होता, लोक त्याच्याकडे बघत होते. हे चालू राहावं, इतकंच त्यांना हवं होतं. काचेचं काय व्हायचं ते होवो. मुलगी भट्टीकडे गेली की त्या ताटकळायच्या, आणि ती बाकावर येऊन बसली की मग कुठं त्यांच्या जिवात जीव यायचा.

मध्यंतर झालं तेव्हा मुलगी सरळ त्यांच्याकडेच आली. कागदी पेल्यातला चहा तिनं दोघींच्या हातात दिला, आई तुम्ही आलात म्हणाली, आणि खुर्ची असताना खाली त्यांच्या पायाशी बसली. हातावरची जाड संरक्षक बाही तिनं ओढून काढली आणि बोलता बोलता बर्फाची पिशवी डाव्या खांद्यावर दाबून धरली. नणंदबाईंनी लगेच चौकशी केली, काय झालं गं. ती म्हणाली, काही नाही, दुखतो. मग हळूहळू सगळं निघालं. कित्येक महिने दुखतोय. त्या कुशीवर झोपता येत नाही, वेणी घालायला हात वर जात नाही. डॉक्टर म्हणाले काम बंद ठेव नाहीतर खांदा धरून बसेल कायमचा. पण दादांचा हात आहे, तो बसायला वेळ लागणारच, त्यांच्याइतकी ताकद माझ्यात कुठली. दादा असताना ती आपली मदतीलाच असायची, बाकावर तेच बसायचे. ते गेल्यावर बाक तिच्याकडे आलं आणि तिनं ठरवलं, बसायचं तर त्यांच्यासारखंच बसायचं. पुढच्या महिन्यात दोन नवीन जणी शिकायला येतायत, त्यांनाही हाच हात शिकवणार. म्हणजे मग तो जाणार नाही, ती म्हणाली, आणि बाईंकडे बघून हसली. ते हसू मास्तरांना वही दाखवणाऱ्या पोरीचं होतं, आणि त्यात आणखीही काही होतं, ज्याला नाव द्यायची बाईंना हिंमत झाली नाही. मुलगा हिच्याविषयी घरी इतकं का बोलायचा, हेही मग त्यांना आत्ताच कळलं, बसल्या जागी.

नणंदबाईंच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. त्या म्हणाल्या, "अगं पण त्याचं तर लहानपणी..."

बाईंनी त्यांच्या मांडीवर हात ठेवला आणि जोरात दाबला. नणंदबाईंनी वळून बघितलं. जन्मात पहिल्यांदा वाक्य अर्धंच टाकून त्या पेल्यातल्या चहाकडे बघत राहिल्या. मुलीच्या ते ध्यानात आलं नाही, तिला कुणीतरी हाक मारली होती आणि ती मान वळवून उत्तर देत होती.

आपण हे काय केलं, असं बाईंना लगेच वाटलं, पण हात उचलवेना. गप्प बसलं तर काय बिघडणार होतं? सांगायला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या काल इथं आल्या नव्हत्या, उद्या येणार नव्हत्या. नणंदबाईंनी आज ओढून आणलं नसतं तर हे असंच चाललं असतं. आणि चालू राहिलं तर या मुलीच्या हातात तो राहील, त्या दोन नवीन पोरींच्या हातात राहील, त्यांच्याकडून आणखी कुणाच्या. शाळेच्या भिंतीवरून पडलेलं त्यांचं पोर बाकाबाकावर बसून काच फिरवत राहील, बाई स्वतः गेल्यावरसुद्धा. अशी गोष्ट कुठल्या आईला मिळते? त्यांचं मन लोभानं भरून गेलं, आणि लोभ आहे हे कळत असूनही त्यांना त्याची लाज वाटेना. खांदे काय, सगळ्यांचेच दुखतात. मशीनवर वाकून वाकून त्यांची स्वतःची पाठ कामातून गेली होती, म्हणून कुणी शिवण सोडतं? डॉक्टर आहेत, औषधं आहेत. असं त्या स्वतःला समजावत राहिल्या, आणि तेवढ्यात मालकांनी माईकवर टकटक केलं, मुलगी उठली, आणि ती जाड बाही पुन्हा हातावर चढवायला लागली. डावा हात वर जाईना. तिनं ओठ दाबला, हात खालूनच वाकडा करून बाहीत घालायचा प्रयत्न केला. बाई उठल्या. कुणाच्या अंगावर कपडा नीट बसत नसला की त्यांचे हात आपोआपच पुढं व्हायचे, तिथं विचाराचा प्रश्न नव्हता. त्यांनी बाही धरली, चढवली, खांद्यावर सारखी केली, आणि तळव्याखाली तिचा खांदा लागला. हाड सरळ होतं. खणखणीत, सरळ, तरण्या पोरीचं हाड. आणि त्याच्याभोवतीचं सगळं मांस लाकडासारखं कडक होऊन सुजलं होतं.

बाई म्हणाल्या, "हा हात त्यानं शोधून काढलेला नाही गं."

मुलीला काही कळलं नाही. बाईंनी मग सांगितलं, हळू आवाजात, खांद्यावरचा हात न काढता. भिंत, मोडलेलं हाड, पट्टा, एकावर एक चढलेलं जुळणं. कोपर खाली ठेवून हात पुढं नेताच यायचा नाही त्याला, म्हणून तो उचलायचा. काचेचा आणि त्याचा काही संबंध नाही. मुलगी ऐकत होती, पण तिचा चेहरा मानायला तयार नव्हता.

"दादांचे खांदे सरळ होते," ती म्हणाली. "मी रोज बघत होते."

"शर्ट सरळ होते. मी शिवायचे."

मालकांनी लोकांना बसून घ्यायला सांगितलं. खुर्च्या सरकल्या. मुलगी तिथंच उभी होती. ती म्हणाली, की मी त्यांना एकदा विचारलं होतं, असं कोपर का. तर म्हणाले, माझ्याकडे बघू नकोस, काचेकडे बघ. मला वाटलं असंच म्हणतायत, शिकवणारे म्हणतात तसं. मी त्यांच्याकडेच बघत राहिले. एवढं बोलून ती थांबली आणि तिचे डोळे भरून आले. मग तिनं डाव्या हाताची मूठ आवळली आणि हात अंगाशी घट्ट धरला.

"मला नाही सोडायचं हे," ती म्हणाली. "दुखलं तर दुखू दे."

बाईंना क्षणभर वाटलं, बरं झालं. मी सांगितलं, माझं काम संपलं, तिचीच इच्छा नाही तर मी काय करणार. सुटकेची वाट अगदी समोर उघडी होती. बाई मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांना दिसलं, की ही मुलगी आपल्यासारखीच आहे. ही जन्मभर असंच करत राहील, खांदा जाईल, मग काम जाईल, आणि तरी कोपर खाली घेणार नाही. आपण म्हाताऱ्या आहोत, आपलं काय राहिलंय. हिचं अजून सगळं व्हायचंय.

"मलाही नाही सोडायचं," बाई म्हणाल्या. "पण सोड."

आणि त्यांनी तिचं कोपर हातात घेतलं. त्याचं कोपर त्यांनी कितीदा असं धरलं असेल, माप घेताना, बाही लावून बघताना, आणि ते कधी त्यांच्या मनासारखं खाली आलं नव्हतं, येणारच नव्हतं. हे आलं. बाईंनी नुसतं दाबलं आणि ते खाली आलं, बरगडीला टेकलं, हात सरळ पुढं गेला, कुठं काही अडलं नाही. मुलगीच चकित होऊन आपल्या हाताकडे बघायला लागली. बाईंनी ते तसंच थोडा वेळ धरून ठेवलं. मग सोडलं आणि म्हणाल्या, "जा. लोक खोळंबलेत."

त्या खुर्चीवर येऊन बसल्या. नणंदबाईंनी त्यांची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. भट्टीचं दार उघडलं, तोंडावर आच आली, मुलीनं गोळा उचलला. आधीच्यापेक्षा मोठा होता. फुंकणी फिरवत ती बाकाशी आली, बसली, आणि कोपर सवयीनं वर उचललं गेलं. आता ती इकडे बघेल असं बाईंना वाटलं, आणि आपल्या तोंडावरचा लोभ तिला दिसू नये म्हणून त्यांनी खाली मान घातली. नव्हती घालायची त्यांना, पण घातली. पुन्हा वर बघितलं तेव्हा कोपर खाली आलेलं होतं. फुंकणी अडखळली, काच एका अंगाला झुकली, कुणीतरी अरे म्हटलं. मालकांनी माईक तोंडाशी नेला आणि परत खाली घेतला. मुलगी उठली नाही, थांबली नाही. खालचा ओठ दातात धरून तिनं तळवा पुढं लोटला, मागं घेतला, पुढं लोटला, आणि हळूहळू गोळा मधोमध आला, स्थिर झाला, संथ फिरायला लागला. तिची मान सरळ होती. तिनं डोळे काचेवरून काढले नाहीत. बाई बघत होत्या. त्यांनी खांद्यात बघितलं, मनगटात बघितलं, बोटांत बघितलं, मानेत बघितलं, पुन्हा खांद्यात बघितलं. ओल्या कागदाची वाफ उठली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तशा बाईंनीही वाजवल्या. समोर बाकावर एक मुलगी बसली होती, तिचे दोन्ही खांदे सारखे होते, आणि ती आपलं काम करत होती.